कथेतील पदार्थ आपल्या चुलीवर

१. एक साधा प्रश्न

कथा-कादंबरीत वाचलेला पदार्थ घरी करता येतो काय, आणि केलाच तर तो पुस्तकातल्यासारखा लागतो काय, असा प्रश्न पडणारे वाचक गावोगावी असतात. मुले तो मोकळेपणाने विचारतात, आणि मोठी माणसे, आपले हसे होईल या धास्तीने, तो मनातल्या मनात ठेवतात. वास्तविक या प्रश्नात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही. ज्या पात्रांच्या सुखदुःखाशी आपण रात्र-रात्र जागून एकरूप होतो, त्यांच्या पानात काय वाढले होते हे जाणण्याची इच्छा होणे, इतकेच नव्हे तर तो घास स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहावा असे वाटणे, हे मन लावून केलेल्या वाचनाचे स्वाभाविक फळ आहे. मात्र उत्तर एका शब्दात देता येत नाही. काही पदार्थ तंतोतंत करता येतात, काहींच्या जवळपास जाता येते, आणि काही केवळ शब्दांतच शिजतात. कोणता पदार्थ कोणत्या वर्गात पडतो हे ओळखता आले की निम्मे काम झाले.

या प्रकरणातले प्रयोग बोळिंजच्या स्वयंपाकघरात सहज करता येतील असेच निवडले आहेत. विरार स्टेशनावरून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. सोपारा, निर्मळ, नंदाखाल ही त्याची शेजारगावे. चहूकडे टोलेजंग इमारती उठल्या असल्या, तरी विहिरीच्या पाण्यावर पोसलेल्या केळीच्या आणि भाजीपाल्याच्या काही वाड्या या पट्ट्यात अद्याप तग धरून आहेत, आणि सकाळी लवकर बाजार गाठणाऱ्याला ताजा पाला मिळतो. जिन्नस हाताशी असणे ही अशा प्रयोगाची पहिली अट आहे. ती येथे पुरी होते.

२. लेखकाचे दप्तर

सातबाराच्या उताऱ्यावर पिकाचे नाव असते, क्षेत्र असते, परंतु त्या पिकाची चव, ते काढताना झालेले कष्ट आणि त्या सालचा पाऊस यांचा तपशील तेथे नसतो. कादंबरीतील पदार्थाची नोंद बहुधा याच जातीची असते. लेखकाला गोष्ट सांगावयाची असते, स्वयंपाक शिकवावयाचा नसतो. म्हणून तो गोष्टीला लागेल तेवढेच लिहितो आणि बाकीचे वाचकाच्या अनुभवावर सोपवितो. त्याच्या नोंदींचे तीन प्रकार पाडता येतील.

पहिल्या प्रकारात लेखक कृतीच देतो. चीनमधील त्साओ श्युएछिन याच्या अठराव्या शतकातील ‘लाल महालाचे स्वप्न’ या कादंबरीच्या ४१व्या प्रकरणात एका खेडवळ म्हातारीला श्रीमंतांच्या वाड्यात वांग्याचा एक पदार्थ वाढला जातो, आणि हे वांगे आहे यावर तिचा विश्वासच बसत नाही. मग घरची कारभारीण तिला कृती सांगते: वांगी सोलून बारीक चिरावीत, कोंबडीच्या चरबीत तळावीत, कोंबडीचे मांस, अळंबी, बांबूचे कोंब आणि सुकामेवा त्यांत मिसळून सारे कोंबडीच्या रश्श्यात आटवावे, आणि चिनी मातीच्या बरणीत तोंड बंद करून ठेवावे. ते ऐकून म्हातारी उद्गारते की एवढ्याशा वांग्यापायी दहा-बारा कोंबड्या खर्ची पडतात, मग चव का येऊ नये! हा पदार्थ करून पाहावयाचा तर त्याचे प्रयोजन ध्यानात ठेवले पाहिजे. ती कृती म्हणजे त्या घराच्या ऐश्वर्याची कैफियत आहे. पुढे त्या घराला उतरती कळा लागते, आणि त्या ऱ्हासाचा हिशेब लेखकाने वांग्याच्या त्या फोडींतच मांडून ठेवला आहे.

दुसऱ्या प्रकारात लेखक केवळ नाव देतो आणि पुढे सरकतो. आपल्या मराठी कथासाहित्यातील बहुतेक पदार्थ या वर्गात मोडतात, आणि प्रयोगाला खरा वाव येथेच असतो. तिसरा प्रकार कल्पित पदार्थांचा. द्रौपदीच्या थाळीतील कधीही न सरणारे अन्न किंवा टोलकीनच्या कादंबऱ्यांतील, एका तुकड्यावर प्रवाशाला दिवसभर चालविणारी लेंबास नावाची रोटी, यांची कृती शोधण्यात अर्थ नाही. आवड असल्यास त्यांच्या नावाने काही नवे करावे, परंतु त्याला शोध म्हणू नये.

३. अळणी भाजीचा प्रयोग

पहिला प्रयोग मी ‘श्यामची आई’मधला सुचवितो. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातल्या बेचाळीस रात्रींपैकी एका रात्रीची गोष्ट अळणी भाजीची आहे. कोकणातले गरीब घर, रताळ्याच्या पाल्याची भाजी, आणि आईच्या हातून राहून गेलेले मीठ. वडील जेवून उठतात, मुले जेवतात, मिठाविषयी कोणी एक अक्षर काढीत नाही. शेवटी आई स्वतः पानावर बसते तेव्हा गफलत तिच्या ध्यानात येते, आणि तिचा जीव चुटपुटतो. मराठी शाळेतून गेलेल्या माणसाला ही गोष्ट ठाऊक नाही असे क्वचितच घडते. परंतु ती अळणी भाजी चाखून पाहिलेले किती असतील?

पुस्तकात कृती नाही. म्हणून काळ, प्रांत आणि घराची ऐपत या तीन गोष्टींवरून ती बसवावी लागते. विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे, दापोली तालुक्यातील पालगडचे, ओढाताणीत चाललेले ब्राह्मण कुटुंब. म्हणजे लसूण-कांद्याचा वापर बहुधा नसावा, तेल बेताचे, फोडणी मोहरी-हिंगाची, तिखटपणासाठी सुकी मिरची, आणि दारचा नारळ असेल तर वरून चिमूटभर ओले खोबरे. रताळ्याच्या वेलीचे कोवळे शेंडे आणि पाने निवडावीत, जून देठ काढून टाकावेत, दोन-तीन पाण्यांतून धुऊन बारीक चिरावे. कढईत एक पळी तेलाची फोडणी करून पाला घालावा आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्यावा. टोपलीभर दिसणारा पाला पाहता पाहता वाटीभर होतो. वाडीवाल्या बाईला आदल्या दिवशी सांगून ठेवले, तर ती हा पाला आनंदाने आणून देते. रताळी सगळेच मागतात, पाला मागणारे थोडे.

आता खरी परीक्षा. भाजी शिजली की तिचे दोन भाग करावेत. एकात मीठ घालावे, दुसरा तसाच ठेवावा, आणि आधी अळणी भाग भाताबरोबर खावा. पहिल्याच घासाला कळते की आपण समजत होतो तशी ही भाजी नुसती सपक नाही. पाल्याचा कडवटपणा आणि तुरटपणा पुढे येतो, मिरचीचा तिखटपणा उघडा पडल्यासारखा जिभेला चिकटतो, आणि खोबऱ्याची गोडी कोठल्या कोठे लपते. मग खारी भाजी खाऊन पाहावी: तोच पाला, तेच तेल, परंतु कडवटपणा मागे सरलेला आणि गोडी वर आलेली.

याचे कारण शास्त्राने सांगितले आहे. मीठ आपला खारटपणा देते एवढेच आपण धरून चालतो. पण मिठातील सोडियम हा घटक जिभेवर उमटणारी कडू चव दाबून टाकतो, आणि कडूपणा दबला की त्याखाली झाकलेली गोडी आपोआप जाणवू लागते. कारल्याला मीठ चोळून ठेवण्यात पाणी सुटणे हा एक भाग झाला. कडू चवीवर मिठाचा अंमल चालतो हा दुसरा. पालेभाजीतले मीठ राहून जाते तेव्हा, एक चव कमी होऊन भागत नाही, उरलेल्या सर्व चवींचा परस्परांशी असलेला मेळच बिघडतो.

हे जिभेने कळल्यानंतर गोष्ट पुन्हा वाचावी. वडिलांच्या त्या मौनाला आपण लहानपणी केवळ चांगुलपणा समजलो होतो. आता ध्यानात येते की प्रत्येक घासाला त्यांना स्वतःवर ताबा ठेवावा लागला असेल, आणि शेजारी बसलेल्या मुलांनाही. पुस्तकाने जे सांगितले नव्हते, कदाचित सांगावयाचे नाही असे ठरविले होते, ते कढईने सांगितले. माझ्या मते कथेतील पदार्थ करून पाहण्याचे खरे प्रयोजन हेच आहे: चैनीचे जेवण नव्हे, तर वाचनाची एक पायरी खाली उतरून जाणे. घरात मुले असतील तर हा प्रयोग त्यांच्याबरोबरच करावा, आणि अळणी भागाविषयी त्यांना आधी काही सांगू नये.

४. सुदाम्याचे पोहे आणि काळाची कसोटी

जुनी कथा निवडली की दुसरा प्रश्न उभा राहतो: त्या काळी कोणता जिन्नस या देशात होता? येथे बोळिंजकराला इतिहास दाराशीच सापडतो. वसईचा मुलूख १५३४ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. त्या दोन शतकांच्या फिरंगी अंमलात आणि त्याच्या आगेमागे अमेरिका खंडातून निघालेले कितीतरी जिन्नस पश्चिम किनाऱ्यावर उतरून आपल्या स्वयंपाकात कायमचे रुजू झाले. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, काजू, पेरू, पपई, मका, ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कंद, आणि रताळेसुद्धा, ही सारी त्या वाटेने आलेली मंडळी आहेत. एकादशीच्या फराळातला बराच भाग यातच निघतो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

या कसोटीवर सुदाम्याचे पोहे लावून पाहू. भागवताच्या दशम स्कंधातील कथेत गरीब मित्राची पत्नी शेजारपाजारी मागून चार मुठी पोहे आणते आणि जुन्या वस्त्राच्या चिंधीत बांधून देते. श्रीकृष्ण त्यांतली एक मूठ खातो आणि दुसरी घेऊ लागतो तेव्हा त्याचा हात धरला जातो. आज आपण ‘सुदाम्याचे पोहे’ म्हणून जे वाढतो, त्यांत शेंगदाणा आणि हिरवी मिरची असते. दोन्ही कसोटीवर बाद. मग उरते काय? भात भिजवून, भाजून, उखळात कांडून केलेले कोरडे पोहे. फार तर गूळ, खोबरे, मिरी, आले, दही यांची जोड.

परिमाणाचा हिशेबही करता येतो. मध्यम हाताच्या मुठीत जाडे पोहे साधारणपणे २५ ते ३० ग्रॅम मावतात. चार मुठी म्हणजे १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे एका भुकेल्या माणसाची न्याहारी. द्वारकेच्या राजाला नेलेली भेट एवढीच होती. त्यातली एक मूठ तशीच कोरडी, काही न घालता, तोंडात टाकून सावकाश चावून पाहावी. प्रथम ती भुशासारखी लागते. परंतु मिनिटभर चावत राहिले की गोडसर होते, कारण लाळेतील पाचक रस पोह्यांतील पिठूळ अंशाचे साखरेत रूपांतर करू लागतो. घाईने गिळणाऱ्याला ही गोडी मिळत नाही.

५. नायकच आचारी

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात तर चवीवरच कथेची गाठ सुटते. राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने, ओळखू न येणाऱ्या रूपात, सारथी म्हणून येतो. दमयंतीला संशय येतो, ती केशिनी या दासीला पाठवून त्याने शिजविलेले मांस मागविते, आणि घास तोंडात पडताच पतीला ओळखते. उत्तम स्वयंपाकाला आपण ‘नलपाक’ म्हणतो ते या कथेवरून. एवढ्यावर हे थांबले नाही. ‘पाकदर्पण’ नावाचा संस्कृत पाकग्रंथ नलाच्याच नावावर उपलब्ध आहे, आणि त्यात ओदन, सूप, पायस, पानक, तक्र इत्यादी प्रकारांच्या कृती पद्धतशीर दिलेल्या आहेत. कथेच्या नायकाच्या नावाने पाकग्रंथ रचण्याची आवड आपल्याकडे किती जुनी आहे याचा हा उत्तम दाखला होय. अलीकडे पश्चिमेत कादंबऱ्यांवरून पाकपुस्तके निघतात, जसे लॉरा इंगल्स वाइल्डर हिच्या बालकादंबऱ्यांवरून बार्बरा वॉकर यांनी १९७९ साली सिद्ध केलेले, ती त्याच कुळातली. वॉकरबाईंचे पुस्तक मला विशेष मोलाचे वाटते, कारण अमेरिकेतील वसाहतवाल्या कुटुंबांची चूल, साठवण आणि टंचाई यांची माहिती त्यांनी पदार्थाच्या जोडीने दिली आहे.

६. लेखकाने गाळलेले, पण आपण गाळू नये असे

येथे एक ताकीद आवश्यक आहे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर विरार-वसईच्या बाजारात आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात; जांभळट-तपकिरी, टोकदार, जमिनीतून वर आलेल्या कोंबासारखी दिसणारी ही रानभाजी पालघर जिल्ह्यात फार आवडीने खातात. समजा एखाद्या कादंबरीत या भाजीचे नुसते नाव वाचून कोणी ती घरी आणली आणि इतर भाज्यांप्रमाणे परतून खाल्ली, तर घसा असा खाजू लागेल की पुस्तकाचे नाव काढवणार नाही. शेवळांत सूक्ष्म, सुईसारखे स्फटिक असतात, आणि तेच घशाला टोचतात. जाणत्या बाया शेवळांबरोबर काकडे नावाची आंबट, हिरवी, लहान फळे विकतात. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घालतात, किंवा चिंच वापरतात, आणि भाजी पुरती शिजवितात. जुडी घेताना काकडे मागितली नाहीत, तर विकणारी बाई बहुधा आपणहून विचारते.

कादंबरीकार शेवळाचे नाव लिहील. काकडाचे लिहीलच असे नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती सर्वांना ठाऊक असलेली बाब आहे. प्रत्येक प्रांताच्या स्वयंपाकात अशा अलिखित वहिवाटी असतात, आणि कथेतील पदार्थ बिघडतो तो बहुधा त्यांच्या अभावी. म्हणून रानभाज्या, अळंबी, कंद यांच्या बाबतीत पुस्तकावर विसंबू नये. त्या त्या प्रांतातील स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय चूल पेटवू नये.

७. चव वाचताना आणि चव खाताना

सारे नीट केले तरी कधी कधी निराशा होते. सी. एस. लुईस याच्या १९५० साली निघालेल्या नार्नियाच्या पहिल्या कादंबरीत एडमंड हा मुलगा ‘टर्किश डिलाइट’ नावाच्या मिठाईसाठी भावंडांशी फितुरी करतो. ही मिठाई म्हणजे साखर आणि पिठूळ सत्त्व एकत्र आटवून, गुलाबजलाचा वास देऊन केलेल्या मऊ वड्या. त्या खाऊन, एवढ्यासाठी का हा मुलगा घर विसरला, असे अनेक वाचकांना वाटते. परंतु त्या काळी इंग्लंडात मिठाईवर रेशन होते. ते १९५३ साली उठले. ज्या मुलांना आठवड्याकाठी मोजकी गोळी मिळे, त्यांना ती वडी काय वाटली असेल, हे साखरेचे डबे भरलेल्या घरात कळावे कसे?

मार्सेल प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराचे उदाहरण आणखी बोलके आहे. चहात बुडविलेल्या मादलेन नावाच्या छोट्या केकच्या चवीने निवेदकाला सारे बालपण आठवते, तो प्रसंग १९१३ साली निघालेल्या पहिल्या खंडात आहे आणि जगभर गाजलेला आहे. परंतु प्रूस्तच्या आधीच्या मसुद्यांत तेथे केक नव्हता, भाजलेला पाव होता. म्हणजे लेखकाने लिहिता लिहिता पदार्थच बदलला. तेव्हा मादलेन करून खाल्ल्याने आपले बालपण जागे होईल अशी आशा धरू नये. ज्याच्या बालपणी चहात बटर बुडविले गेले, त्याने बटरच बुडवावे.

८. आपल्या गावाचा जिन्नस

आतापर्यंत पुस्तकातून चुलीकडे जाण्याचा विचार झाला. उलट दिशेनेही जाता येते, आणि त्या बाबतीत आपण मराठी माणसे उदासीन आहोत असे मला स्पष्ट वाटते. आगाशी-बोळिंजच्या पट्ट्यातील सुकेळी पाहा. राजेळी जातीची केळी पुरती पिकू द्यावयाची, सोलून उन्हात मांडावयाची, रात्री दव लागू नये म्हणून झाकावयाची, आणि कित्येक दिवस हा क्रम चालवून ती मधासारख्या रंगाची झाली की केळीच्याच वाळक्या पानांत घट्ट बांधावयाची. साखर नाही, तेल नाही. पाणी उडून गेल्यामुळे फळातली मूळ साखरच दाट होते, आणि जिन्नस महिनोन्‌महिने टिकतो. ढगाळ हवा आली तर सारी मेहनत वाया जाते. या उद्योगाला जागा लागते, ऊन लागते आणि राजेळीची बाग लागते. तिन्ही गोष्टी येथे वर्षागणिक आटत आहेत.

लेखनाची परंपरा या भूमीत आहेच. शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा या पट्ट्यातील लिहिणाऱ्यांना माझी विनंती अशी की, कथेत सुकेळी, उकडहंडी किंवा घरचे भुजिंग अशा इथल्या पदार्थांचे नाव घालाल तेव्हा नावावर थांबू नका. कोणते लाकूड, किती ऊन, कोणाचा हात, हे दोन ओळींत तरी लिहा. आणि वाचकांना विनंती अशी की, वाचताना पदार्थ आला की पानाचा क्रमांक टिपून ठेवा, घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला त्याची कृती विचारा, ती सांगेल ते शब्द न बदलता उतरवून घ्या, आणि मगच चूल पेटवा. रताळ्याचा पाला पावसाळ्यात कोवळा मिळतो. अळणी भाजीने प्रारंभ करावयाचा असेल, तर तेच दिवस योग्य.